विलासच्या भट्टीतला गोल्फ

माझ्या मुलीच्या, अमृताच्या लग्नात व्याह्यांनी हुंडा मागितला नाही आणि आम्ही दिला नाही. त्या लग्नातून आमच्या घरात फक्त गोल्फ आला.

आमचे व्याही शिरीषराव पुण्याचे. माणूस लाखात एक, पण बोलायला बसला की तिसऱ्या वाक्याला गोल्फच्या मैदानावर पोचतो. लग्नानंतर ते पहिल्यांदा कोल्हापूरला आले तेव्हा गाडीतून आधी त्यांची गोल्फची पिशवी उतरली आणि मग विहीणबाई. (पिशवीसाठी त्यांनी दार धरलं होतं. विहीणबाईंनी आपलं आपण उघडलं.) चहा घेता घेता त्यांनी मला विचारलं, "काय व्याही, तुम्ही काय खेळता?"

बँकेतून निवृत्त झालेला माणूस काय खेळणार? मी "पत्ते" म्हणणारच होतो, तेवढ्यात सुनंदानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, स्वयंपाकघराच्या दारातून असं काही बघितलं की माझ्या तोंडून निघालं, "गोल्फच की!"

"अरे वा! मग दसऱ्याला येतोय आम्ही. एक मॅच होऊन जाऊ दे!"

जाताना त्यांनी आपली एक जुनी काठी मला सरावासाठी भेट दिली. (तिला क्लब म्हणतात. खाली लोखंडी डोकं, वर रबरी मूठ आणि मधे नुसती किंमत.) गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर सुनंदा म्हणाली, "हे बघा, आपली लेक हाय त्या घरात. खेळ येत नसला तर शिका. पण सामान असं घ्या, की पावण्यांनी नाव ठेवायला नको."

म्हणजे आता प्रश्न गोल्फचा राहिला नव्हता, अमृताच्या माहेरच्या इभ्रतीचा झाला होता.

आमच्या घरामागच्या टेकडीपलीकडं गोल्फचं मैदान आहे हे मला कोल्हापुरात जन्म घालवूनही माहीत नव्हतं. मी तिथं रोज सकाळी जाऊ लागलो. मैदानाच्या कडेला ऊस आहे. मी डावीकडं मारो, उजवीकडं मारो, डोळे मिटून मारो, माझा चेंडू शेवटी त्या उसातच जायचा! आठवडाभर विचार करून मी निष्कर्ष काढला की दोष काठीचा आहे. एक तर जुनी, त्यात दुसऱ्याच्या हाताची सवय लागलेली. नवा सेट घेतल्याशिवाय भागणार नाही.

पुण्यात एका दुकानात गेलो. विक्रेत्या पोरानं एक काठी तान्ह्या बाळासारखी माझ्या हातात दिली. "ही सर, मोठी कंपनी. जगातले नामवंत खेळाडू हीच वापरतात."

मी किंमत बघितली. "ह्यात मैदानपण येतं का?"

"मग ही बघा. छोटी कंपनी आहे, नवीन. मटेरियल तेच, फक्त नावाचे पैसे नाहीत."

मी दोन्ही हातात धरून बघितल्या. "फरक काय मग?"

"हिनं मारलं की चेंडू लांब जातो."

"आणि तिनं?"

"तिनंपण लांबच जातो, सर," तो प्रामाणिकपणे म्हणाला आणि मालकानं ऐकलं का ते बघून आला.

घरी येऊन मी छोट्या कंपनीची बाजू मांडली. सुनंदानं ऐकून घेतलं. "मिक्सर आणताना हेच म्हणालासा. नाव कशाला, मटेरियल तेच. ती चटणी अजून छताला हाय." मी वर बघितलं. होती. मग मी मोठ्या कंपनीची बाजू घेतली, तर ती म्हणाली, "एवढी किंमत? काठीला?" असं चार दिवस चाललं, आणि शेवटी तिनं सल्ल्यासाठी भावाला फोन केला. तिथं घात झाला!

माझा मेव्हणा विलास याची शिरोलीला फाउंड्री आहे. पंपाची आणि ट्रॅक्टरची लोखंडी कामं तो ओततो. संध्याकाळी बुलेट दारात लावून तो आत आला, व्याह्यांची जुनी काठी उचलली, हातात तोलली आणि माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"ह्यात हाय काय, दाजी? वजन कुठाय?" (विलासच्या मते चांगल्या वस्तूची खूण एकच. उचलताना तोंडातून 'हं' निघालं पाहिजे.)

"अरे, मोठ्या कंपनीची आहे ती."

"मोठी कंपनी म्हंजे काय वो? ती बी माझ्यासारख्या कुणाकडनं तर वतूनच घेत असणार की! वर आपला शिक्का मारला, झाली मोठी!" मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "आख्खी हयात दुसऱ्याच्या नावाचा माल वततोय मी, दाजी. एकदा तरी आपल्या नावाचं काय तर हुदे की. आनि ते बी पुण्याच्या पावण्यांम्होरं."

विलास घरात बोलला तर शेजारी खिडक्या लावून घेतात. तो माणूस हळू बोलला, आणि मला नाही म्हणवेना. तसा सेट ओतायचा म्हणून नमुन्याला ती काठी घेऊन तो गेला.

आता यात चूक कुणाची म्हणायची? लोखंड थंड झालं की आकसतं, म्हणून ओतण्याआधी लाकडाचा नमुना करतात तो मुळापेक्षा जरा जादाच करतात. नमुना करणाऱ्यानं रीतीप्रमाणं थोडं जादा सोडलं. विलासनं, पुढं तासायला लागेल म्हणून, आणखी जादा सोडलं. साचा करणाऱ्यानं विचार केला, मालकांच्या दाजींचं काम आहे, कमी पडायला नको. त्यानंही सोडलं! कोल्हापुरात जेवणाच्या ताटापासून ही पद्धतच आहे, आग्रह केल्याशिवाय काही पानात पडत नाही. मग ओतलेला माल बाहेर आला तेव्हा त्यावर 'विलास' ही उठावाची अक्षरं इतकी सुरेख उमटली होती, की विलासनं तासकाम रद्द केलं. "नाव घासलं जाईल," तो म्हणाला.

खंडेनवमीच्या सकाळी सेट घरी आला, सोबत व्याह्यांची जुनी काठीही परत आली. सेटात पाच काठ्या, पाचही हुबेहूब सारख्या.

"अरे, सेटमधे प्रत्येक काठी वेगळी लागते."

"एक मोडली तर दुसरी घ्यायची. म्हणून तर सेट!"

मुठीला रबर नव्हतं. आपल्या चपलेचं अस्सल कातडं होतं, वर लाल गोंडा. हातात आवळली की ती नव्या कोल्हापुरी चपलेसारखी कर्र कर्र वाजायची. विलासनं एका डोक्यावर हातोडी हाणली. टण्ण! "ऐका! कुठं चीर न्हाय." सुनंदानं विळी, कोयता आणि शिलाई मशीन यांच्या शेजारी गोल्फ मांडला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मी एक काठी उचलून बघितली. 'हं' निघालं. ठेवतानाही निघालं.

विलास गेल्याबरोबर मी गच्चीवर जाऊन पुण्याच्या दुकानाला फोन केला. छोटी कंपनी नको, विचारविनिमय नको, मोठ्या कंपनीचा सेट ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पाठवून द्या. तो आला तसा गाडीच्या डिकीत दडवला. बेत साधा होता. मॅच दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी; विलास फाउंड्रीत असणार. सुनंदाला सांगितलं, देवापुढची वस्तू इतक्या लगेच उचलू नये, जुन्या काठीनं भागवतो. बँकेत इतकी वर्षं काढली, पण इतका निर्दोष बेत मी कधी आखला नव्हता.

मैदानावर शिरीषरावांनी विचारलं, "सेट कुठला घेतलात?" मी काहीच विशेष नाही अशा चेहऱ्यानं डिकी उघडली.

"अरे वा! मोठी कंपनी!"

माझी छाती फुगली आणि त्याच क्षणी मागून हॉर्न वाजला. विलासचा टेम्पो! मागं सगळी फाउंड्री उभी होती आणि पुढं, मांडीवर झेंडूच्या माळेसकट सेट घेऊन, विलास.

"दाजी! सामान घरातच इसरून आलासा की! ताईनं दिलं." तो उतरला आणि त्याला डिकी दिसली. "ह्ये काय?"

"हे?" मी म्हणालो. "हे... जादाचं आहे."

"कुणाचं?"

"व्याह्यांचं."

शिरीषराव खोटं बोलत नाहीत. (पुण्याच्या माणसाचा हा गुण ऐन वेळी फार नडतो.) "माझं? नाही हो! माझं हे इथं आहे."

विलासनं त्या पिशवीवरच्या नावावरून हळूच बोट फिरवलं. "झ्याक हाय," तो म्हणाला, आणि आपली माळ घातलेली काठी पाठीमागं धरली. मला इतकं वाईट वाटलं, की इभ्रत, व्याही आणि पुणे, सगळं एका बाजूला राहिलं. मी डिकी धाडकन लावली.

"विलास, आण ती इकडं. हिनंच खेळतो."

टेम्पोतून शिट्ट्या आल्या! शिरीषराव म्हणाले, "मारताना शांतता लागते हं." शांतता झाली. त्या शांततेत मूठ वाजली, कर्र कर्र. मी काठी खांद्यापर्यंत नेली. पुढचं मी काही केलं नाही, काठीनंच केलं. ती खाली आली, चेंडूच्या मागं वीतभर आत गेली आणि तिथंच राहिली. ढेकूळ निघालं, गवत निघालं, एक दगड निघाला. चेंडू तेवढा जागचा हलला नाही. फाउंड्रीनं टाळ्या वाजवल्या. दोघांनी मिळून काठी उपटली. दुसऱ्या फटक्याला मात्र चेंडू सापडला. टण्ण! असा आवाज झाला की कडेच्या झाडावरचे बगळे उठले. चेंडू गेला उसात.

"विलक्षण!" शिरीषराव पुढं आले. त्यांच्या डोळ्यांत लहान मुलाची चमक होती. "मी एक मारून बघू?"

"नको," मी म्हणालो.

"मारा की, पावणं!" विलास म्हणाला.

शिरीषरावांची ढब फार सुंदर आहे. काठी वर गेली, झोकात खाली आली, चेंडू सरळ रेषेत निघाला. पण काठी थांबायला तयार नव्हती! ती शिरीषरावांना घेऊन फिरली. एक पूर्ण गिरकी झाली, दुसरीची सुरुवात झाली आणि मग ते हळूच गवतावर बसले.

"काय झालं?"

"उसण," ते म्हणाले. "कंबरेत."

पुण्याच्या व्याह्यांना टेम्पोच्या हौद्यात आडवं घालून, डोक्याखाली माझी मोठ्या कंपनीची पिशवी देऊन, आम्ही घरी आणलं. सुनंदा दारात आली आणि तिनं कपाळाला हात लावला. "अहो, लेकीचा सासरा मोडलासा!" अमृताचा फोन आला. "बाबा, तुम्ही गोल्फ खेळायला गेला होतात ना? मग कुस्ती कुणी लावली?" माझ्या मुलीच्या संसाराचा चेंडू उसात गेला असं मी धरून चाललो.

पण शिरीषराव पलंगावर खूश होते. विलास तालमीतल्या वस्तादांना घेऊन आला. वस्तादांनी कंबर चोळली, सुनंदानं तांबडा-पांढरा रस्सा पाजायचं सोडलं नाही आणि विलास उशाशी बसून राहिला. "पावणं, माझ्यामुळं झालं," असं तो येता-जाता म्हणायचा. शिरीषराव म्हणायचे, "विलासराव, चेंडू सरळ गेला की नाही ते सांगा." मग दोघं वजनावर बोलत बसायचे. विलासनं एक काठी लेथवर घातली, नावाची अक्षरं तेवढी राखून बाकीचं सगळं जादा तासून काढलं आणि घेऊन आला. शिरीषरावांनी पडल्या पडल्या तोलली. त्यांच्या तोंडून 'हं' निघालं नाही. विलास जरा हिरमुसला.

कंबर सुटल्यावर आम्ही पुन्हा मैदानावर गेलो. शिरीषराव खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "आता शास्त्रशुद्ध परीक्षा. माझी जुनी घ्या. मारा." मारलं. उसात. "मोठ्या कंपनीची." उसात. "आता विलासरावांची." मी देवाचं नाव घेऊन मारलं. तीही उसात, आणि जवळजवळ त्याच सरीत!

विलासनं तिन्ही काठ्या उचलल्या, उलट्यासुलट्या करून बघितल्या आणि माझ्याकडं, फाउंड्रीत माल तपासतात तसं, वरपासून खालपर्यंत बघितलं. "तिन्ही मालात दोष न्हाय, दाजी. आमच्यात असं झालं की त्याला रिजेक्शन म्हंत्यात. भट्टीत घालून परत वतायला लागतंय."

मग शिरीषराव बेतानं उठले, त्याची काठी घेतली आणि अलगद एक फटका मारला. टण्ण! चेंडू सरळ झेंड्याजवळ. ते कितीतरी वेळ त्या अक्षरांकडं बघत राहिले. "विलासराव, मला असा पूर्ण सेट करून द्या. वेगवेगळ्या मापांचा. पण नावासकट हं."

विलासनं तोंड फिरवलं. खिशातला रुमाल सापडायला त्याला बराच वेळ लागला. सापडल्यावर म्हणाला, "पावणं, वजन जरा जादा सोडू?"

"नको!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

आता शिरीषराव येतात ते माझ्याकडं नाही, विलासकडं खेळायला येतात. दोघं पुढं बोलत चालतात. मोठ्या कंपनीचं मी जे काही घेतलं त्यातली पिशवी तेवढी वापरात आहे. तिच्यात 'विलास' काठ्या असतात आणि ती माझ्या खांद्यावर असते. परवा मैदानावर एका नव्या गृहस्थांनी माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, "आणि हे कोण?"

विलासनं मागं वळूनही बघितलं नाही. "ते व्हय?" तो म्हणाला. "ते जादाचं हाय."