दोन ठोक्यांमधले नागोजीराव

नागोजीरावांनी बेळगोळच्या गिरणीत एकतीस वर्षं काढली. काम सूतखात्यात, पण ओळख बँडमुळे. गिरणीचा स्वतःचा बँड होता, एकवीस कामगारांचा. दर आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तो गेटपासून कँटीनपर्यंत वाजत जायचा. नागोजीराव त्यात हॉर्न वाजवायचे. हॉर्नच्या वाट्याला गाण्याची चाल येत नाही. ढोलाचा ‘धम’ पडला की मागच्या रिकाम्या जागेत ‘पा’ म्हणायचं, एवढंच त्याचं काम.

“लग्न ठरवताना सांगितलं, मुलगा वाद्य वाजवतो,” शकुंतलाबाई आल्यागेल्याला सांगत. “घरात येऊन बघते तर काय, नुसतं पा!”

नागोजीरावांना याचा कधी राग आला नाही. पाहुणा पुरेसा हसला नाही, तर ते बायकोला पुन्हा सांगायला लावत.

गिरणी बंद पडली, वाद्यं कुठे गेली कुणाला कळलं नाही. पुढे नागोजीरावांचे पुढचे दातही गेले, तेव्हा हॉर्न फुंकण्याचा प्रश्नच मिटला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी महिनाभर वाचायला बंदी केली, म्हणून धाकट्या भावाची नात वनजा कॉलेजला जाण्याआधी येऊन त्यांना वाचून दाखवू लागली. तिनं लायब्ररीतून एक कानडी कादंबरी आणली होती. त्यातल्या शहरात सरकारनं सगळी वाद्यं उचलून नेली होती. रोज संध्याकाळी खांबाखांबांवरच्या भोंग्यांतून एकच घुमता आवाज सोडत. तो ऐकून लोक आधी गाणी विसरत, मग माणसं. एका बाईला आपली अंगाई आठवेनाशी होते. नवव्या प्रकरणात तिची स्वतःची मुलगी दारात येते, तर ती विचारते, “कोण पाहिजे?”

“अय्यो, असलं काय वाचतेस पोरी!” शकुंतलाबाई आतून ओरडल्या. “सकाळच्या वेळी देवाधर्माचं वाच की.”

“तू वाच गं,” नागोजीराव म्हणाले. पण त्या दिवशी त्यांचा चहा कपातच निवला.

त्याच आठवड्यात येसाजीराव आले. बँडमधले ट्रंपेटवाले. रविवारी जुन्या कामगारांचा मेळावा होता, बन्नीमंटपाजवळ. बँडमास्तरांनी खास गिरणीसाठी बसवलेला मार्च तिथं वाजवायचं ठरलं होतं.

“सुरांचे कागद वाळवीनं खाल्ले,” येसाजीराव म्हणाले. “ट्रंपेटचे माझे सूर मला तोंडपाठ आहेत. हॉर्नला हुणसूरहून दोघं तरुण येतायत, पण त्यांना शिकवणार कोण? तुझ्याबरोबरचे तिघे हॉर्नवालेही गेले. तू तोंडानं म्हण, वनजा टेप करेल. तेवढं झालं की साकु, पुरे.”

“त्यात काय!” नागोजीराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वनजानं टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवला. नागोजीरावांनी घसा साफ केला. “पा,” म्हणाले. पुन्हा “पा”. पुढे सूर कुठं बदलतो, कुठं खाली उतरतो, काहीच हाती लागेना. डोळे मिटून बघितलं, खुर्ची बदलून बघितली. तिसऱ्या दिवशीही कॅसेटवर नुसता खोकला आला.

“पुस्तक पुढं वाचू का, अज्जा?”

“नको. पुरे झालं ते.”

त्या दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. “अगं, धाकट्या भावाच्या बायकोचं नाव गोदावरीच ना?”

“गोदावरीच. का हो?”

“सुम्ने. असंच विचारलं.”

शकुंतलाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. चाळीस वर्षांत हा माणूस उगीच काही विचारायला स्वयंपाकघरात आला नव्हता.

सकाळी वनजा आली तेव्हा शकुंतलाबाई तांदळाचा रिकामा डबा पालथा घालून जमिनीवर बसल्या होत्या.

“हे काय?” नागोजीरावांनी विचारलं.

“ढोल पडल्याशिवाय हॉर्न कसा बोलेल? नवीन लग्न झाल्यावर तुमची तालीम कोण घेत होतं? शेजारीण म्हणायची, ही सासरी आली की बँडात भरती झाली. उभे राहा आधी! बसून कधी वाजवलंत?”

नागोजीराव उभे राहिले. डब्यावर थाप पडली. धम. त्यांचा डावा पाय आपोआप उचलला गेला. धम. आणि मधल्या रिकाम्या जागेत, न शोधता, ‘पा’ आला. मग पुढचा. सूर खाली उतरला, तिथून वर चढला. ते खोलीतल्या खोलीत चालू लागले, शकुंतलाबाईंची मान हलू लागली. वनजानं घाईघाईनं टेप सुरू केला.

अचानक दोघंही थांबले. डबा गप्प, नागोजीराव गप्प. वनजानं हळहळून टेप बंद केला.

त्याच क्षणी धम-पा पुन्हा सुरू झालं.

“अगं, बंद का केलंस?” नागोजीराव थबकून म्हणाले.

“मला वाटलं, विसरलात.”

“विसरतो कशाला! तिथं गोदामाच्या बोळात बँड वळायचा. एवढीशी जागा, कोपर कोपराला लागायचं. फुंकलं असतं तर पुढच्याच्या मानेत हॉर्न! म्हणून चार पावलं कुणीच वाजवायचं नाही, नुसते पाय.”

“आणि मी त्या चार पावलांत बांगड्या वर सरकवून घ्यायची,” शकुंतलाबाई म्हणाल्या.

नागोजीराव खुर्चीत टेकले. चेहरा घामानं डवरला होता आणि ते हसत होते. “वनजा, तुझ्या पुस्तकातली ती बाई एकटीच खोलीत बसून आठवत बसते ना? तिच्याजवळ कुणाला तरी बसवायला हवं होतं.”

“पुढे बसवलंही असेल. वाचू?”

“वाच. पण आधी हे पुरं करू. सुरुवातीपासून.”

कॅसेट मागे घेतली. शकुंतलाबाईंनी डबा जवळ ओढला, नागोजीराव उभे राहिले. या वेळी बोळ आला तेव्हा वनजानं बटणावरचं बोट काढून घेतलं. फिरत्या कॅसेटवर फक्त पावलं उमटत राहिली. एक, दोन, तीन, चार.