कुंभारणीला हात लावू नका

आमच्या घरात पंखवालं काहीही शिरलं की पहिल्यांदा चप्पल शोधतात आणि मग मला हाक मारतात. हा क्रम उलटा व्हावा म्हणून मी लग्न झाल्यापासून भांडतेय. मी गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये कामाला आहे. कान्ह्याला लोकल धरायची, बेगडेवाडीला उतरायचं आणि दिवसभर झाडांमध्ये टांगलेले पिवळे चिकट कागद तपासत फिरायचं. त्यावर चिकटलेल्यांतलं झाडाला खाणारं कोणतं आणि नुसतंच हिंडायला आलेलं कोणतं, ते मी सांगायचं, मग फवारणीचं ठरतं. आता जी बाई दिवसभर हेच करते, ती घरी आलेल्या जिवाला न बघताच मारू देईल होय?

आणि बघायला असं कितीसं लागतं! डासासारखा दिसतो, पण पाय बोटभर लांब आणि भिंतीवर धडपडत फिरतोय, तर तो चावत नाही, त्याला चावायचं तोंडच नाही. मधमाशीसारखे पट्टे आहेत, पण पंखांची जोडी एकच आणि हवेत एका जागी थांबते, ती फुलमाशी, तिला नांगी नाही. भात पिवळं पडायला लागलं की ट्यूबलाइटखाली हिरवे तुडतुडे पसरतात. ते भाताचा रस पितात, आपलं काही पीत नाहीत, दिवा घालवला की जातात. नातेवाईक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विचारतात, "हा चावतो का?" मी उत्तर देईपर्यंत तो बिचारा मेलेला असतो. मग विचारता कशाला?

पण मला सांगायचंय ते कुंभारणीबद्दल. काळीपिवळी, कंबर दोऱ्याएवढी, लांबून बघितली तर गांधीलमाशीच वाटते. पण गांधीलमाशा घोळक्यानं राहतात आणि घराजवळ गेलात तर तोंड सुजवून सोडतात. कुंभारीण एकटीच असते. ओल्या मातीचा गोळा तोंडात धरून आणते, गुंऽऽ करत भिंतीवर लिंपते आणि परत जाते. मुठीत पकडली तर चावेलही, पण मुठीत पकडायला सांगितलंय कुणी?

आमच्याकडं ही कुंभारीण घरात आली की बायका हसून एकमेकींकडं बघतात. तिनं ज्या घरात घर केलं, त्या घरात पाळणा हलणार म्हणतात. आणि आमच्या घरी ती दरसाल येते. मीटरच्या पेटीवर, आरशामागं, दाराच्या चौकटीवर. पाळणा मात्र हलला नाही. डॉक्टर झाले, देव झाले, पुण्याच्या चकरा झाल्या. दोघांच्यात काही खोट नाही म्हणतात आणि मूलही होत नाही. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या मला एका शब्दानं कधी बोलल्या नाहीत. पण कुंभारणीनं मातीचा पहिला गोळा लावला की त्यांचा चेहरा उजळायचा, आणि तो उजळलेला चेहरा बघून मी उठून आत जायचे. बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

आत्यांच्या थोरल्या जाऊबाई, माझ्या थोरल्या आत्या, वडिवळ्याला राहतात. त्यांच्या जिभेला हाड नाही. "पोराचं दुसरं लगीन करायचं तर येळंत करावं, पुन्यांदा कोन देतंय पोरगी," हे त्यांनी आत्यांना एकदा नाही, पुष्कळदा सुनावलं होतं. माझ्या कानावर येईल एवढ्या आवाजात. आत्या त्यावर गप्प बसायच्या. त्या गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा, ते मला कधी कळलं नाही. मी या घरात राहणार की नाही, ते त्या गप्पपणावर अडकलेलं होतं.

यंदा गौरी जवळ आल्या तेव्हा चौकटीवर कुंभारणीची दोन घरं होती. माझ्या नवऱ्यानं खुरपं आणलं.

"हे काय?" मी म्हटलं.

"काढून टाकतो. गौरीला बाया येनार, वर बगनार आन् तुला बोलनार. घरच न्हाई म्हंजे इषय न्हाई."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "विषय कुंभारणीनं काढलाय का? बोलणाऱ्यांचं तोंड धरायला जमत नाही तुम्हाला, आणि घर हिचं पाडता? वा रे मर्द!"

तोवर त्याचं खुरपं चाललं होतं. एक घर सुटलं आणि फरशीवर आपटून फुटलं. आतून बारके बारके कोळी पडले, मेलेले नव्हेत, नुसते बधिर झालेले. त्यांच्यात एक पांढरी अळी वळवळत होती. आत्या आतून धावत आल्या आणि असं काही ओरडल्या की मी दचकले. "अरं मुडद्या, काय केलंस रं ह्ये!" त्या खाली बसल्या आणि ती फुटकी माती, कोळी, अळी सगळं पदरात गोळा करायला लागल्या. त्यांच्या नजरेला ती अळी दिसतच नव्हती. त्यांना त्यांचं नातवंड फरशीवर पडलेलं दिसत होतं.

मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. मी समोर बसले आणि त्यांचा हात धरला. "आत्या, नीट बघा. ही कुंभारणीची लेकरं आहेत. ती कोळी पकडून आणते, लेकरांच्या खाण्यापायी आत कोंडते आणि दार लिंपून घेते. तिचं घर तिच्या पोरांसाठी आहे. आपल्यासाठी ती काही घेऊन आलेली नाही, कधीच आली नव्हती."

त्यांनी हात सोडवून घेतला. पदरातली माती अंगणातल्या जास्वंदीच्या बुडाशी ओतली आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी खुरपं उचलून पाण्याच्या टाकीमागं टाकलं आणि नवऱ्याला बजावलं, दुसऱ्या घराला हात लावलात तर याद राखा.

गौरीजेवणाच्या संध्याकाळी हळदीकुंकवाला घर भरलं. वडिवळ्याच्या थोरल्या आत्या उंबऱ्यातच थांबल्या आणि वर चौकटीकडं बघून म्हणाल्या, "आली का गं कुंभारीण? दरसाल येती बिचारी आन् दरसाल फुकट जाती. तिच्यात खोट न्हाई बाई, खोट घरातल्या बाईत हाय. आता तरी लेकाचा इचार करा."

कुणी गौरीकडं बघायला लागलं, कुणी आपल्या बांगड्यांकडं. आत्या नेहमीसारख्याच गप्प. माझ्या हातात कुंकवाचा करंडा होता. तो मी खाली ठेवला, नाहीतर काही खरं नव्हतं.

"थोरल्या आत्या," मी म्हटलं, "माझं लग्न झालंय की नाही, तेसुद्धा त्या कुंभारणीला ठाऊक नाही. ती तिचं बघते. आणि लेकाचं दुसरं करायचं असेल तर तुमचा पुतण्या हा समोर उभा आहे, विचारा त्याला. पण ह्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर पाणी मी मारलंय. मी कुंभारणीला काढू दिलं नाही. आता मला कोण काढतंय, ते बघतेच."

माझा नवरा घसा खाकरून म्हणाला, "काकी, चहा घ्या." शूरवीराच्या तोंडून एवढंच निघालं. पण चहाचा कप त्यानं थोरल्या आत्यांना दिला आणि येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. तिथून हलला नाही.

थोरल्या आत्या चहा न पिताच उठल्या. त्या गेल्यावर आत्या मला म्हणाल्या, "मोठ्या मानसाला असं बोलत्यात व्हय? चार बायांत इज्जत घालिवली." मीही म्हटलं, "मोठ्या माणसांनी असं बोलायचं असतं का?" झालं. दिवाळीपर्यंत आमच्यात कामापुरतं बोलणं. मीठ द्या, गॅस बंद करा, लोकल चुकंल. मी माफी मागितली नाही आणि मागणारही नव्हते. रात्री पडल्या पडल्या मात्र वाटायचं, या बाईनं मनात माझा हिशेब संपवलेला दिसतोय. या विचारानं मला रडू यायचं, खोटं कशाला सांगू.

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग द्यायचा ठरला. कामशेतचा रंगारी आला. मी सुट्टी घेतली होती, आत शेव पाडत होते. बाहेर लोखंडी पट्टीनं भिंत खरवडल्याचा आवाज येत होता, तो एकदम थांबला.

"आजी," रंगाऱ्यानं विचारलं, "चौकटीवरची ही माती खरवडू का? का ठिवायची? कुंभारीण लय चांगली म्हनत्यात, पाळना हालतो घरात."

सोऱ्या हातात धरून मी तशीच उभी राहिले.

"पाळन्याचं काय न्हाई त्यात," आत्या म्हणाल्या. "तिची लेकरं आस्त्यात त्यात. माज्या सुनंला आवडतंय ते. ऱ्हाऊ दे तिला. भवतीनं मार रंग."

माझी सून म्हणाल्या त्या. परक्या माणसाला, तोंडभरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. कढईतली शेव करपली आणि मी गॅसपाशी उभी राहून ढसाढसा रडले. आवडतं म्हणे! आवडतंय कसलं डोंबलाचं, कुंभारीण मला कधी आवडली नव्हती. पण बाहेर जाऊन ते सांगायला मी काही वेडी नाही.