डब्यावरचे आकडे

माझे वडील टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. तंबू मालकाचा, मशीन मालकाचं, ट्रकही मालकाचा. जत्रांचा हंगाम सुरू झाला की या गावाहून त्या गावाला जायचं, तंबू ठोकायचा आणि पिक्चर दाखवायचा. वडिलांचं शिक्षण सातवीपर्यंत. मी घरातला पहिला पदवीधर, आणि अमेरिकेला एम.एस. करायला गेलो तो स्वतःच्या मार्कांवर. हे मार्कांचं सांगताना मी कधी मागेपुढे पाहिलं नाही. उलट जरा जास्तच वेळा सांगितलं असेल.

तरीही पहिल्याच सेमिस्टरला, अपार्टमेंटमध्ये चौघं चहा पीत बसलो असताना एकाने वडिलांचं विचारलं, आणि मी म्हणालो, "आमचं थिएटर आहे." बाकीच्या तिघांचे वडील बँकेत, दवाखान्यात आणि कॉलेजात. वडीलही त्या तंबूला 'आपला तंबू'च म्हणायचे, तेव्हा हे काही अगदीच खोटं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढच्या आठवड्यात मी सगळ्यांचा 'थिएटरवाला' झालो. पडदा केवढा, बाल्कनी आहे का, विचारायचे. मी बाल्कनीही बांधली.

दुसऱ्या वर्षी, २००४ च्या आसपास, आमच्या भारतीय विद्यार्थी मंडळाने कॅम्पसवर आठवडाभर सिनेमे दाखवायचं ठरवलं. रोज संध्याकाळी एक, दर दिवशी वेगळी भाषा, शुक्रवारी मराठी. मंडळाची अध्यक्ष पुण्याची, पीएच.डी. करणारी. आम्ही तिला अध्यक्षबाई म्हणायचो आणि तिला ते आवडायचं. डीव्हीडी तेव्हा सगळीकडे झाल्या होत्या, पण पिक्चर दाखवायचा तर खऱ्या फिल्मवरच, असा तिचा हट्ट. प्रिंट सांभाळायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. थिएटरवाल्याला सोडून कुणाला देणार?

सभागृहाच्या वर, मशीनच्या केबिनमध्ये एक म्हातारा अमेरिकन ऑपरेटर होता. गावातल्या जुन्या थिएटरात जन्म घालवलेला, आता कॅम्पसवर लागेल तेव्हा बोलावला जाणारा. हातात पांढरे सुती मोजे घालून फिल्म धरायचा. सोमवार ते गुरुवार त्याच्या हातून एकही शो अडखळला नाही. मी रोज रिळांचे डबे वर पोचवायचो आणि लगेच खाली उतरायचो. केबिनमध्ये तापलेल्या दिव्याचा, तेलाचा वास यायचा. तो मला नको होता आणि हवाही होता.

शुक्रवारी दुपारी त्याने मला आणि अध्यक्षबाईंना वर बोलावलं. मराठी प्रिंट आठ रिळांची, आधी दुसऱ्या एका विद्यापीठात दाखवलेली. चार नंबरच्या आणि सहा नंबरच्या डब्यातल्या रिळांच्या सुरुवातीच्या, नंबर लिहिलेल्या पट्ट्या फाटून गेल्या होत्या, त्यामुळे फिल्मवर नंबरच नव्हता. डब्यावर आकडे होते, पण डब्यात दुसरंच रीळ पडलेलं त्याने आयुष्यात बरेचदा पाहिलं होतं. त्याला भाषा येत नव्हती. कथा कळणारं कुणी एकदा बघून सांगेल का, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

हे काम मला येत होतं. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी तंबूवर किती तरी प्रिंटा अशा लावल्या होत्या. आमच्याकडे प्रिंट यायची ती शंभर गावं फिरून, अंगाची लक्तरं झालेली. डब्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा वडिलांचा नियम. एका रिळाचं शेवटचं चित्र आणि पुढच्याचं पहिलं चित्र उजेडावर धरायचं. जागा जुळली पाहिजे, कपडे जुळले पाहिजेत. दहा मिनिटांचं काम.

अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "बघ ना रे, थिएटरवाल्या. तुझ्या घरचंच काम."

त्या चेष्टेत म्हणाल्या. बरोबर मंडळाची आणखी दोन मुलं होती, तीही हसली. मी नुसती फिल्म हातात घेतली असती तरी कळलं असतं. बोटांच्या चिमटीत कडा धरून, चकचकीत बाजू कुठली ते न बघता ओळखून मी ती उजेडाकडे नेली असती, आणि मालकाचा मुलगा असं धरत नाही.

मी म्हणालो, "आमच्याकडे ही कामं ऑपरेटर करतो."

हात खिशात घातले. मग त्या म्हाताऱ्याला इंग्रजीत सांगितलं की डब्यावरचे नंबर बरोबर आहेत. त्याने विचारलं, खात्री आहे? मी म्हणालो, हो.

खरं म्हणजे फिल्म समोर उजेडाच्या काचेवर पसरलेलीच होती. तिसऱ्या रिळाच्या शेवटी एक बाई खळ्यावर उभी होती, कपाळाला ठसठशीत कुंकू. चौथ्या डब्यातल्या रिळात तीच बाई भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोखाली बसली होती, कपाळ मोकळं. मी दोन हातांच्या अंतरावरून ते पाहिलं. कथा पुढे सरकली असेल, असं मनाला सांगितलं आणि जिना उतरलो.

संध्याकाळी सभागृह भरलं. पिट्सबर्गहून तीन तास ड्राइव्ह करून काही मराठी कुटुंबं आली होती, मुलांना घेऊन, डब्यात चकल्या घेऊन. मी खाली पाहुण्यांच्या रांगेत. माझ्या शेजारी कुणाची तरी आई बसली होती, मुलाकडे पहिल्यांदाच आलेली. तिसऱ्या रिळापर्यंत सगळं छान चाललं. मग एकदम नवऱ्याचा फोटो, हार, बाईचं रडणं. त्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला. पुढच्या रिळात तोच नवरा अंगणात बसून भाकरी खाऊ लागला.

आधी कुणाला काही कळेना. मग मागून पोरं हसायला लागली. मोठेही हसायला लागले. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अरे, हा मेला होता ना?"

मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, मलाच ठाऊक नाही.

अध्यक्षबाई धावत वर गेल्या, त्यांच्यामागे मीही. म्हाताऱ्याने मशीन थांबवलं होतं, दिवे लावले होते. अध्यक्षबाई रागाने पण सभ्य इंग्रजीत म्हणाल्या की एवढ्या लांबून लोक आलेत, तुम्ही साधी रिळं नीट लावू शकत नाही? त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. यानेच सांगितलं होतं, एवढंच तो म्हणाला असता तरी पुरलं असतं. पण तो म्हणाला, "माझी चूक. मी स्वतः तपासायला हवं होतं." आणि मोजे चढवून रिळं बदलायला लागला. मी दारात उभा राहिलो. अध्यक्षबाईंना आठवत असेल का मी काय सांगितलं ते? आठवलं असेल तरी त्यांनी ते चूक मानलं नाही. मालकाच्या मुलाला कुठून कळणार.

वीस मिनिटांनी पिक्चर पुन्हा सुरू झाला. तोवर पिट्सबर्गची निम्मी मंडळी निघून गेली होती.

शनिवारी सकाळी मंडळाने सभागृहाच्या ऑफिसला तक्रारीची मेल केली. प्रिंट माझ्या ताब्यात, म्हणून ती माझ्या नावाने गेली. मजकूर अध्यक्षबाईंचा. मी एक शब्द बदलला, 'निष्काळजीपणा' काढून 'दुर्लक्ष' केलं, आणि पाठवली. त्या संध्याकाळी केबिनमध्ये दुसराच, एक तरुण माणूस होता. म्हाताऱ्याला कळवलं होतं म्हणे, येऊ नका.

रविवारी सकाळी घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळ. वडील आठवडाभर याच फोनची वाट बघत होते. अमेरिकेत मराठी पिक्चर लागतो आणि आपला पोरगा तो लावतो, हे त्यांनी चार ठिकाणी सांगून ठेवलं होतं. मशीन कुठलं, दिवा कसला, दोन मशीन आहेत का, सगळं विचारलं. मी सांगितलं, ऑपरेटरने रिळं मागेपुढे लावली, घोटाळा झाला.

ते म्हणाले, "मुद्दाम कोण करतंय? त्याला कुणीतरी चुकीचं सांगितलं असंल. बोलणी मात्र त्यालाच बसली असतील." आणि मग, "तू कुठं होतास?"

"खाली. पाहुण्यांच्यात."

"ब्येस केलंस," वडील म्हणाले. आवाजात समाधान होतं. "तू कशाला आता केबिनीत शिरतोस."

फोन ठेवल्यावर मी कपडे घालून बाहेर पडलो, कॅम्पसची बस पकडली आणि लॅबमध्ये जाऊन बसलो. तिथून ऑफिसला दुसरी मेल लिहिली. शुक्रवारची चूक ऑपरेटरची नाही, नंबर बरोबर आहेत असं मीच सांगितलं होतं, त्यांना परत बोलवावं. सोमवारी दोन ओळींचं उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार, नोंद घेतली आहे. पुढच्या सेमिस्टरला मी दोनदा त्या सभागृहात गेलो. केबिनमध्ये तो तरुणच होता. म्हाताऱ्याचा पत्ता विचारायचं मनात आलं, विचारला नाही.

त्या दुसऱ्या मेलमध्ये मी लिहिलं होतं की मला रिळांतलं काही कळत नसताना मी बोललो.