देवाला न चालणारं झाड

सांगलीतल्या आमच्या कॉलनीची सार्वजनिक बाग आम्ही चौघं सांभाळतो असं म्हणतात. खरं तर आमच्यातले एक गृहस्थ एकटेच सांभाळतात, बाकीचे आम्ही सल्ले देतो. मूळचे कोरेगावकडचे, बसवर कंडक्टर होते. स्कूटरवर तेलाच्या डब्यांतून पाणी आणतात. माणसांशी तुटक बोलतात आणि रोपांशी भरभरून. "पी गड्या, ऊन लय हाय."

त्यांनी वाढवलेली जास्वंद पहाटे फिरायला येणारी मंडळी ओरबाडून न्यायची. कळ्यासुद्धा सोडत नसत. घरी पाण्यात ठेवल्या की उमलतात म्हणे. हटकलं तर उत्तर तयार असायचं, "देवासाठी नेतोय हो, विकायला नाही." यावर ते मोडलेल्या फांदीला सुतळी बांधत बसायचे.

श्रावणात एका सकाळी गेलो, तर ते कुदळ घेऊन ती जास्वंद मुळासकट काढत होते. सगळी, स्वतःच्या हातानं लावलेली. त्या जागी त्यांनी क्रोटन लावले. त्याची पानं रंगीत, पण देवाला चालत नाहीत.

गणपतीच्या आदल्या दिवशी, रोज पिशवी घेऊन येणाऱ्या बाई त्यांना म्हणाल्या, "अहो, बाप्पासाठी एक तरी जास्वंद नको का बागेत?"

"लावली व्हती की. तुमच्या देव्हाऱ्यात बघा."

बाईंना काहीच लागलं नाही. "मग दुसरी लावा," म्हणाल्या, आणि क्रोटनखालच्या दूर्वा खुडायला बसल्या.