दोरीवरचा झेंडा

अपेक्षा आमच्या शेजारच्या बंगल्यात स्वयंपाक करायची. इथे आखातात, जनाबियातल्या आमच्या गल्लीत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे दुपारची कामं आटोपली की ती माझ्याकडे येऊन बसे. तिच्या मॅडम युरोपातल्या एका देशाच्या वकिलातीत वरच्या हुद्द्यावर. नवरा प्रशांत आफ्रिकेतल्या एका देशाच्या राजदूतांचा ड्रायव्हर. दोघं गुहागरकडचे. मॅडमच्या बंगल्यामागच्या खोलीत त्यांचा संसार.

राजदूतांच्या गाडीला लावायचा छोटा झेंडा प्रशांत दर आठवड्याला घरी धुवायला आणायचा. लॉन्ड्रीत रंग जातो म्हणून अपेक्षा तो हाताने धुवायची.

मार्चमध्ये त्या दोन देशांचं एका खाणीच्या करारावरून बिनसलं आणि त्यांनी संबंधच तोडले. मी बातम्यांत ऐकलं. अपेक्षाला बातम्या बघायला सवड कुठली! तिने नेहमीसारखा झेंडा परसात वाळत घातला, मॅडमच्या टॉवेलांशेजारी. नेमकी त्याच संध्याकाळी वकिलातीतली माणसं मॅडमकडे आली आणि त्यांना तो दिसला.

मॅडम ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, प्रशांतने ती नोकरी सोडावी, नाहीतर इथे राहू नये.

तेव्हापासून अपेक्षा एका जागी टिकेना. चहा ओतून घ्यायची आणि तसाच ठेवून उठायची. शेवटी माझ्याच स्वयंपाकघरात दोघांची जुंपली.

"तुम्हीच सोडा ना. ड्रायव्हरला काय, कुठेही काम मिळेल."

"अगो, आई गेली तेव्हा साहेबांनी त्याच दिवशी विमानात बसवलं मला. आता त्यांची पंचाईत झालीय, तर मी ‘खलास, संपलं’ म्हणून निघू?"

"आणि माझं? माझा व्हिसा मॅडमचा आहे."

"मी राहतो तुबलीत, गॅरेजवाल्या पोरांबरोबर. शुक्रवारी सुट्टीला भेटत जाऊ."

"शुक्रवारी भेटायला लग्न केलं का मी?"

प्रशांत हसला. ती माझ्याकडे वळली. "काकू, असे देश परत कधी बोलायला लागतात हो?"

"कधी दोन महिन्यांत. कधी दहा वर्षं जातात."

"दहा वर्षं!" तिने पदर खोचला आणि तडक बंगल्यात जाऊन मॅडमना नोटीस दिली.

आता दोघं हमद टाउनमध्ये एका खोलीत राहतात. तिला व्हिसा देणारं घर अजून मिळालेलं नाही. मुदतीत मिळालं नाही तर तिला एकटीला गुहागर गाठावं लागेल. मी ओळखीच्या सगळ्यांकडे शब्द टाकलाय.

काल तिचा पुन्हा फोन. "काकू, कोणी विचारलं?"

"नाही गं अजून."

मागून प्रशांतचा आवाज आला, "काकू, हिला आधी जेवायला सांगा!"

"जेवते हो," ती म्हणाली, "पण कोणी विचारलं तर लगेच कळवा. कितीही वाजले असले तरी."