टोपीचोर आणि खंडेनवमी

आता हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसालच, पण निदान चहा सांडू नका.

जर्मनीत एर्लांगेनला होतो तेव्हाची गोष्ट, दोन हजार सात सालची. आमच्या ऑफिसात डीटर नावाचा सज्जन गृहस्थ होता. आठवडाभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा आणि रविवारी काउबॉय व्हायचा. खोटं नाही सांगत, त्यांचा क्लबच होता. जुन्या अमेरिकेतला पोशाख करायचा, त्याच काळातल्या धर्तीचं रिव्हॉल्व्हर घ्यायचं आणि लोखंडी पाट्यांवर नेमबाजी करायची. एकदा बघायला गेलो आणि वेडाच झालो.

रिव्हॉल्व्हर क्लबचं, ते तिथेच कुलपात राहायचं. पोशाख मात्र ज्याचा त्याने आणायचा. रुंद काठाची टोपी, उंच बूट आणि पिस्तूल अडकवायचा चामडी पट्टा. यातलं एक जरी नसलं तरी नेम धरायला उभं करत नाहीत, बाकावर बसा आणि टाळ्या वाजवा. माझी पहिली पाळी लागली होती ऐन दसऱ्याला, रविवारी.

सगळं सामान मागवलं आणि पिशवीत भरून केलरमधल्या, म्हणजे तळघरातल्या आमच्या कोठडीत लपवलं. वृंदाला, माझ्या बायकोला, सांगायची छाती होत नव्हती. याआधी गिटारचं वेड लागलं होतं, मग दुर्बिणीचं, आणि दोन्ही वस्तू त्याच कोठडीत धूळ खात होत्या.

आता माझा स्वभाव सांगतो. बेकरीवालीने हसून पाव दिला तर शिळा तर नाही ना, म्हणून दाबून बघणारा मी. त्यात खालच्या मजल्यावरचे हेर, म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत, कुन्त्से. रिटायर्ड, दिवसभर घरात. मी ऑफिसात असताना माझं पार्सल त्यांनीच घेतलं होतं. देताना म्हणाले, मोठं आहे पण हलकं आहे हो. तुम्हीच सांगा, दुसऱ्याचं पार्सल उचलून बघायचं कारण काय?

शनिवारी, खंडेनवमीच्या सकाळी, टोपी घालून बघावी म्हणून हळूच खाली गेलो. पिशवी गायब! कुलूप जागच्या जागी, आत मात्र टोपी नाही, बूट नाहीत, पट्टा नाही. शेजारची कोठडी कुन्त्सेंची, मध्ये नुसत्या लाकडी फळ्या. फटीला डोळा लावला, तर खुंटीवर तपकिरी, रुंद काठाची टोपी. गेनाऊ, अगदी तीच! म्हाताऱ्याने फळी सरकवून हात घातला असणार, दुसरं काय?

तणतणत वर आलो. वृंदाने स्वयंपाकघरात पाट मांडला होता. तिच्या माहेरी खंडेनवमीला शस्त्रपूजा अगदी साग्रसंगीत. आमच्याकडे शस्त्रं कुठली, तर विळी, सुरी आणि माझं ड्रिल मशीन. "पूजा झालीय, पाया पडून घे," ती म्हणाली. माझं डोकं कुठे ठिकाणावर होतं? दारातूनच डोळे मिटले, हात जोडले आणि देवीला अगदी मनापासून सांगितलं, आई, चोर सापडू दे, उद्याची पाळी हुकवू नकोस. आणि तसाच कुन्त्सेंकडे धावलो.

आधी गोडीत घेतलं. तळघरातलं काही चुकून इकडचं तिकडे झालंय का? नाही, म्हणाले. मग टोपीचा विषय काढला, मग माझा आवाज चढला. रागात माझं जर्मन पार बिघडतं, त्यामुळे मी विनवतोय की धमकावतोय तेच त्यांना कळेना. पोलिसांचं नाव निघालं तसे ते निमूटपणे तळघरात गेले आणि टोपी घेऊन आले.

"ही मी बागकामाला घालतो. तुमची असेल तर घाला."

घातली. ती थेट नाकावर येऊन टेकली. केवढं ते डोकं त्या माणसाचं! आत नुसता अंधार आणि मातीचा वास.

तेवढ्यात जिन्यातून वृंदाचा आवाज आला. "अरे, कुणाची टोपी घातलीयस?"

"माझी हरवलीय," मी टोपीच्या आतून म्हणालो.

"हरवेल कशाला? देवापुढे आहे. काल पाट आणायला तळघरात गेले तेव्हा पिशवी दिसली. तू लपव हवं ते, पण पिस्तुलाचा पट्टा शस्त्रातच येतो ना? पूजा झाल्याशिवाय कसा वापरू देईन? उद्या उत्तरपूजा झाली की घेऊन जा."

वर जाऊन बघतो तर ड्रिल मशीनच्या मागे माझी टोपी, कपाळावर ठसठशीत कुंकू. पट्ट्यावर बाल्कनीतला झेंडू. बूट तेवढे बाल्कनीत, कारण पायताण काही ती पाटावर ठेवणार नाही. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. वृंदाने वाटीभर शिरा हातात देऊन मला पुन्हा खाली पिटाळलं. कुन्त्सेंनी माफीही घेतली आणि शिराही.

परत आलो तर ती पाटासमोरच बसलेली.

"सकाळी इथेच नमस्कार केलास ना रे? समोरची टोपी दिसली नाही?"

"डोळे मिटले होते."

"एवढे डोळे मिटून मागितलंस तरी काय?"

"चोर सापडू दे म्हणून."

"मग सापडला की," वृंदा म्हणाली. "जिन्यातच उभा होता, दुसऱ्याची टोपी घालून."