इब्रामामूंचा हवापालट

फोन संध्याकाळी सव्वासातला आला. नंबर सौदीचा, आवाज अनोळखी, भाषा हिंदी… पण कसली हिंदी! आमच्या खाडीकाठच्या माणसानं बोलावी तशी, मध्येच ‘काय गे’ म्हणणारी. बोलणारा फहद होता. माझे मामा इब्राहिम, म्हणजे आमचे इब्रामामू, जेद्दात एकतीस वर्षं ज्या घरी ड्रायव्हर होते त्या घरचा हा थोरला मुलगा. लहानपणी रोज मामूंच्या गाडीत मागे बसून शाळेत गेला, तिथंच ही हिंदी शिकला. “मामू गुजर गए,” असं तो म्हणाला. माझे मामू याचे मामू कधी झाले, हा विचार मला आधी आला. लाज वाटते, पण आला.

समुद्राकाठच्या तंबूबाहेर दुपारचं जेवण झाल्यावर कोसळले, तासाभरावरच्या इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, एवढं त्यानं सांगितलं. मग म्हणाला की दफन इथंच करायचं असेल तर घरच्यांचं ना-हरकत पत्र लागेल, नमुना पाठवतो, पण घाई काही नाही. त्या ‘घाई काही नाही’नं माझे कान उभे राहिले. आखातात राबायला जाणाऱ्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका लहानशा गटात मी आहे. पत्रकं लिहिते, छापून घेते, पासपोर्ट कार्यालयाबाहेर उन्हात उभी राहून वाटते. असे फोन मी दुसऱ्यांच्या घरी आलेले ऐकलेत. गोड आवाज, मोघम कारण, आणि मागोमाग सहीचा कागद. म्हणून रडण्याआधी मी विचारलं, की पडले तेव्हा ते काय काम करत होते?

“काम नाही. बसले होते,” फहद म्हणाला.

हा खोटं बोलतोय, हे मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. कारण इब्रामामू बसत नसत.

हे मी ऐकीव सांगत नाही. वर्षभरापूर्वी, आदल्या जानेवारीत, अम्मीला मक्केला उमऱ्याला घेऊन गेले तेव्हा त्या तळावर तीन दिवस राहून आले होते. जेद्दाच्या दक्षिणेला, दोनेक तासांवर, किनाऱ्यालगत तंबूंची वसाहत आहे. रियाधला थंडी पडली की तिकडची आणि जेद्दातलीही खाऊनपिऊन सुखी कुटुंबं हंगामभरासाठी तिथं जागा घेतात. वाळूवर गालिचे, पाण्याच्या टाक्या, जनरेटर, मुलांसाठी चारचाकी फटफट्या. कुटुंबं गुरुवारी येतात, शनिवारी जातात. घरचा म्हातारा मात्र हाडं शेकायला पूर्ण हिवाळा तिथंच राहतो आणि त्याच्यासाठी माणसंही राहतात. मामूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, गाडी चालवणं सुटलं, तरी इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, ‘ड्रायव्हर’ कायम होतं, आणि दर हिवाळ्यात त्यांना या तळावर नेलं जाई. फोनवर ते मामीला अभिमानानं सांगत, की आता दोन-अडीच महिने हवापालट. मागून लाटांचा आवाज यायचा. मामी शेजारणीला सांगायची, आमचे हे दर्यावर गेलेत, हवापालटाला. मला हा शब्द पहिल्यापासून खटकत होता. घरकामाच्या माणसाला कोण हवापालटाला नेतं हो?

जाऊन पाहिलं ते असं. पहाटेच्या नमाजानंतर मामू म्हाताऱ्याची, म्हणजे फहदच्या बापाची, कॉफी करत. मग कोळ्यांकडून येणारे मासे. हमूर म्हणजे हातभर लांबीचा, जाड खवल्यांचा मासा. तसे पाच-सहा, वीस माणसांसाठी. स्वयंपाकाला नूरुल नावाचा चाळिशीतला बांगलादेशी होता, पण माशाला मामू त्याला हात लावू देत नसत. अडुसष्ट वर्षांचा माणूस उकिडवा, कोपरापर्यंत खवले चिकटलेले, आणि दर पाच मिनिटांनी तंबूतून म्हाताऱ्याची हाक, “या इब्राहिम!” की हे सुरी टाकून धावले. सगळ्यांचं झाल्यावर जेवण, तेही उभ्यानं, पातेल्यातून. तिसऱ्या दिवशी माझ्यानं राहवलं नाही. विचारलं, मामू, तुम्हाला सुट्टी किती? हसले. “अगे बाय, दर्याच्या काठाला हाय मी. अजून सुट्टी ती कसली?”

“काठाला आहात, पण बसलात कुठं? तीन दिवस बघतेय, एकदाही तुम्ही बसला नाहीत.”

त्यांनी माशाचं पोट फाडून आतलं काढलं आणि समुद्रपक्ष्यांकडे भिरकावलं. त्याच वेळी मी फोटो काढला.

तो फोटो फेब्रुवारीत आमच्या पत्रकावर छापला. वर ठळक अक्षरांत ‘हा बघा हवापालट!’, खाली पाच मागण्या: आठवड्याला एक सुट्टी, पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात, कामाचे तास ठरलेले, वगैरे. मजकुरात मी लिहिलं होतं की या माणसाचे खोल गेलेले गाल पाहा, एकतीस वर्षांत काय काय ओरबाडून घेतलं ते या गालांत दिसतं. पत्रक चांगलं गाजलं. गावाच्या ग्रुपवर गेलं, तिथून जेद्दातल्या कोकणी मंडळींच्या ग्रुपवर, आणि चौथ्या दिवशी मामूंचा फोन. एवढंच म्हणाले, “मला विचारलंस का?” आणि ठेवला. त्यानंतर अकरा महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. फोन मी उचलला तर “अम्मीला दे”, बस्स. मी समजून चुकले की घाबरलेत. कफीलनं, म्हणजे मालकानं, दम भरला असणार, दुसरं काय? आणि मला त्यांची कीव आली… म्हणजे मी चुकले असं नाही, तर ते घाबरले याची कीव. हे आता लिहिताना माझं मलाच झोंबतंय, पण लिहायचं तर खरं लिहायचं.

तर फहदचा नमुना आला. इंग्रजी आणि अरबी. ‘मृत्यू नैसर्गिक असून आमची कोणाविरुद्धही तक्रार नाही’ हे वाक्य त्यात होतंच, मला माहीत होतं ते असणार. मामूंना मूलबाळ नाही; सही मामीनं करायची आणि कागद सगळे माझ्या हातून जायचे. मी मामीला म्हटलं, सही करू नकोस. सही झाली की प्रश्न विचारायचा हक्क संपतो, हे मी दहा घरांत सांगितलंय, आपल्या घरात वेगळं का सांगू? मी फहदला तीन प्रश्न पाठवले. शेजारी कोण होतं, हातात काय होतं, डॉक्टरांनी काय लिहिलंय. तासाभरात उत्तरं आली, इस्पितळाच्या कागदाच्या फोटोसकट. इतक्या लवकर? मला तेही संशयास्पद वाटलं. उशीर केला असता तर तेही वाटलं असतं, हे मला कळत नव्हतं असं नाही.

दिवस जात होते. मामू शवागारात. जमातीतले लोक येऊन विचारून जात, की मय्यत किती दिवस ठेवायची? चौथ्या दिवशी मामी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “तो तिकडं बर्फात पडलाय, आणि तू प्रश्नपत्रिका काढतेस?” मी म्हटलं, मामी, ते बसले होते म्हणतात, तुला पटतं? एवढ्या वर्षांच्या संसारात तू त्यांना कधी बसलेलं बघितलंस? त्यावर ती रडायला लागली. मला ते विचारून काहीही मिळालं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी फहदकडे नूरुलचा नंबर मागितला. त्यानं लगेच दिला, म्हणजे पढवून ठेवलं असणार. म्हणून मी मुद्दाम रविवारी फोन केला, कुटुंब तळावर नसतं तेव्हा. नूरुल हळू आवाजात बोलत होता. सुरुवातीला मी विचारेन तेवढंच, हो, नाही, अल्लाची मर्जी. मी म्हटलं, मामू शेवटच्या दिवसांत काय काम करायचे? आणि तो एकदम फुटला.

“काम? दीदी, इस साल उन्होंने पानी का गिलास तक नहीं उठाया. बहुत परेशान किया हमको.”

त्यानं सांगितलं ते त्याच्याच क्रमानं देते. डिसेंबरात तळ लागला त्या दिवशी मामू गाडीतून उतरले, घडीची खुर्ची उघडली आणि समुद्राकडे तोंड करून बसले. तंबूतून नेहमीची हाक आली. मामू उठले नाहीत. दुसरी हाक. मामू बसल्या जागेवरून म्हणाले, “इजाजा.” म्हणजे सुट्टी. म्हाताऱ्याला वाटलं बरं नसेल, तो स्वतः बाहेर आला. मग मामूंनी पिशवीतून प्लास्टिकच्या आवरणात घातलेलं एक पत्रक काढलं. माझं. त्यातल्या मागण्या आपल्या तोडक्यामोडक्या अरबीत म्हाताऱ्याला वाचून दाखवल्या, एकेक बोट दुमडत. सुट्टीच्या मागणीला म्हातारा हसला. पासपोर्टची मागणी आली तसा नमाजाची वेळ झाली म्हणून उठून गेला. नूरुल म्हणतो, वेळ झाली नव्हती. दोन दिवस दोघांत बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं आपली खुर्ची आणवून शेजारी टाकली आणि कॉफी नूरुलला करायला सांगितली.

आणि मग नूरुलच्या तक्रारी सुरू झाल्या. हमूर कापायला तो बसला की मामू खुर्चीतून ओरडत, लाकूड फोडतोस काय, शेपटीकडून घे. मसाल्यात कोकम नाही म्हणून नाक मुरडत. चहा पाणचट, भात चिकट. हात मात्र लावणार नाहीत, कारण इजाजा. मंगळवार ही पत्रकातली आठवड्याची सुट्टी, त्या दिवशी तर नूरुललाही चूल पेटवू देत नसत. आज तुझी पण इजाजा, म्हणत. म्हातारा मंगळवारी खबूस रोटी आणि चीज खाई आणि पुटपुटत राही. “मरने के दिन भी बोले, चाय पतली है,” नूरुल म्हणाला. “फिर गिलास गिर गया.”

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. का, तेही सांगते. पढवलेला साक्षीदार मेलेल्या माणसाची स्तुती करतो. माणूस फार चांगला होता, आम्ही त्यांना घरच्यासारखं ठेवलं, असलं ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मेलेला माणूस किती कटकट्या होता हे असं जीव तोडून कुणी सांगायला शिकवत नाही.

फोन ठेवण्याआधी मी विचारलं, मग माझ्याशी का बोलत नव्हते? कफीलला भिऊन? नूरुल म्हणाला, नाही. मासे साफ करताना वाळू जाते म्हणून मामू कवळी काढून डबीत ठेवत. फोटोत कवळी नव्हती. “सारे गाँव ने बिना दाँत के देख लिया, दीदी. बोलते थे, पूछती तो लगा लेता.”

एकतीस वर्षांचं शोषण मी ज्या गालांत वाचलं होतं ते गाल त्या डबीमुळे आत गेले होते. मागण्या चुकीच्या नव्हत्या, त्यांतली एकही मी आज मागे घेणार नाही. पण ज्याच्यासाठी मागितल्या त्याला न विचारता त्याचा चेहरा मी वापरला. समोरचे लोक त्याच्या पायांचा वापर करत होते, मी गालांचा. आणि पत्रक त्यांना पटलं होतं की नाही हे त्यांनी मला कळवलं नाही ते नाहीच…

सहाव्या दिवशी सकाळी मामी सहीला बसली. मी कागदातलं ‘तक्रार नाही’ हे वाक्य खोडायला लावलं, त्यावर आणखी एक दिवस गेला, मामी माझ्याशी बोलली नाही, पण वाक्य निघालं आणि मग सही झाली. मामू तिकडेच, त्यांच्या जमिनीत. कबरीवर नाव नसतं तिथं.

आणि कुणी समजू नये की माझं समाधान झालंय. दफनाच्या कागदांसाठी पासपोर्ट लागला तेव्हा फहदनं त्याची प्रत पाठवली आणि प्रामाणिकपणे लिहिलं, की आमच्या तिजोरीत होता. म्हणजे म्हातारा खुर्ची शेजारी टाकायला तयार झाला, पासपोर्ट द्यायला शेवटपर्यंत झाला नाही. मामूंनी कमावलं ते बसणं, सहा आठवड्यांचं. ते फहदला मोठेपणाचं वाटत असेल, मला नाही वाटत. एकतीस वर्षांत सहा आठवडे.

नूरुल अधूनमधून मेसेज करतो. गेल्या आठवड्यात तळ उठायला आला, तेव्हा त्यानं लिहिलं की मामूंच्या नंतरचा पहिला मंगळवार आला तसा तो चुलीपुढे जाऊन उभा राहिला. चूल पेटवावी की नाही? शेवटी नाही पेटवली. म्हाताऱ्यानं दोनदा हाक मारली, यानं ‘इजाजा’ म्हटलं, आणि त्यानंतरचा प्रत्येक मंगळवार तसाच गेला. मी सवयीनं विचारलं, हे लेखी आहे का?

“नहीं दीदी. मामू ने भी लिखके नहीं लिया था. बैठ गए थे.”

लेखी नसलेला हक्क कुणीही कधीही काढून घेतो, हे माझं मत कायम आहे. म्हणून मी अरबी येणाऱ्या मैत्रिणीकडून चार ओळींचा अर्ज लिहून घेतला आणि नूरुलला विचारून, त्यानं हो म्हटल्यावर, पाठवला. तो त्यानं अजून कुणाला दिलेला नाही. मंगळवारी मात्र तो बसतो.